दाजींची ठोकलेली जमीन

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं रोड रोलर चालवत होते. मी त्याच खात्यात चर खणायचो. दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मी घरी बसलो. ते बसले नाहीत.

आमच्या इमारतीच्या मागे, भिंतीला लागून, जमिनीची एक पट्टी आहे. चाळीस पावलं लांब, सात पावलं रुंद. बांधकाम संपलं तेव्हा उरलंसुरलं सगळं तिथे लोटून दिलेलं होतं: विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, तारा, गोठलेल्या सिमेंटचे गोळे. दाजींनी ते काढलं. रोज सकाळी सहा ते नऊ, पावणेचार महिने. दोन हजार एकशे सहा घमेली. आकडा त्यांचा आहे, आणि कामाच्या आकड्यात ते कधी खोटं बोलत नाहीत.

"इथे लावणार काय?" मी विचारलं.

"जे आयुष्यभर काढून फेकलं, तेच."

रस्ता करायचा म्हणजे आधी कडेची झुडपं साफ करायची, मग रोलर. त्यामुळे कुठल्या मातीत काय उगवतं हे दाजींना ठाऊक होतं. फक्त नावं माहीत नव्हती. ती त्यांनी शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीकडून घेतली. रुई, कुर्डू, रानतुळस, आणि चार जातींची उंच गवतं. नर्सरीवाला म्हणाला, "काका, ही रानटी झाडं कोण विकायला ठेवतं?" दाजी म्हणाले, "म्हणूनच फुकट आहेत." पिशवी घेऊन ते जुन्या खाणीच्या वाटेवर गेले आणि बिया गोळा करून आणल्या. कुर्डूच्या बिया काळ्या, चकचकीत, तिळाहून बारीक. त्यांनी त्या ताईच्या रिकाम्या डब्यांत भरल्या आणि डबे परत स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले. ताईनं मोहरी समजून त्यातला अर्धा डबा भाजीत घालायला काढला होता. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आता चूक सांगतो. ती रोलरवालाच करू शकतो.

माती चाळून झाली, पसरून झाली. आणि मग दाजींनी सवयीनं ती पाणी मारून धुमसानं ठोकली. थर टाकायचा, पाणी मारायचं, ठोकायचं. पुन्हा थर. पट्टी अशी सपाट आणि कडक झाली की वरून टाच मारली तर टाच दुखावी. मग त्यांनी त्यावर बिया टाकल्या आणि वाट बघत बसले. महिनाभरात उगवलं काय, तर कडेच्या भेगेत एक गवताची काडी.

मी म्हणालो, "दाजी, बाग नाही, रस्ता केलात तुम्ही. आता डांबर तेवढं राहिलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेले, कुदळ घेऊन आले आणि भिंतीच्या टोकापासून पुन्हा खणायला लागले. अर्ध्यावर आले आणि कंबर धरली. आठ दिवस अंथरुणात. उरलेली अर्धी पट्टी तशीच ठोकलेली राहिली.

खणलेल्या अर्ध्यात मात्र सगळं आलं. कुर्डूला गुलाबी तुरे आले, गवत कंबरेला लागलं. दाणे धरले तशा मुनिया आल्या. गवताची काडी नुसती वाकेल इतक्या बेतानं तिच्यावर बसायच्या आणि दाणे सोलायच्या. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या. सोसायटीचा फवारणीवाला पंप पाठीला लावून आला. "काका, कीड लागलीय."

"कीड नाही, फुलपाखरं आहेत. अजून पंख फुटायचे आहेत." दाजी रुईच्या पुढे जाऊन उभे राहिले. तो पंपासकट परत गेला.

सोसायटीनं पुढच्या बाजूला कुंडीतली परदेशी फुलं लावली आहेत. लालभडक, बारा महिने फुललेली. दाजींचं त्यांच्याशी वाकडं नाही, पण परीक्षा एकच: एक कप चहा संपेपर्यंत समोर उभं राहायचं आणि आलेले पाहुणे मोजायचे. त्या फुलांवर शून्य. मागच्या पट्टीवर अकरा, कधी वीस. "देखणी आहेत," ते म्हणायचे, "पण दारी आलेल्याला उपाशी परत पाठवतात."

दुसऱ्या वर्षी ठोकलेल्या अर्ध्यात भोकं दिसायला लागली. पेन्सिल जाईल एवढी. दाजी पोतं अंथरून पालथे झोपले आणि बघत राहिले. एक माशी आली. मधमाशीएवढी, पोटावर निळे चमकते पट्टे. भोकात गेली, पायांना लागलेली पिवळी पूड आत टाकून बाहेर आली. मग दुसरी, दुसऱ्या भोकात. पोळं नाही, राणी नाही. प्रत्येकीचं घर वेगळं. आपलं बीळ आपण खणायचं, आत पिलाची शिदोरी ठेवायची, वर अंडं घालायचं आणि तोंड मातीनं लिंपायचं. त्यांना मोकळी, न हलणारी, कडक जमीन लागते. भुसभुशीत मातीत बीळ ढासळतं.

"मेहुणे," दाजी पोत्यावरूनच म्हणाले, "माझा रस्ता पास झाला."

मी मोजली. एकशे चौतीस भोकं. एवढ्याशा जिवानं वीतभर खोल बीळ खणायचं म्हणजे काय, हे चर खणणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी त्या दिवशी दाजींच्या चुकीवर हसायचं बंद केलं.

त्याच महिन्यात सोसायटीची सभा झाली. ठराव: मागच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवून स्कूटर लावायला जागा करणे. सेक्रेटरी हा तरुण माणूस, वाईट नाही, पण त्याला सगळं नीटनेटकं हवं असतं. म्हणाला, "काका, तुमच्या कष्टांचा आदर आहे. पण ते रान झालंय. आणि माश्या पोरांना चावल्या तर?"

"चला," दाजी म्हणाले.

सभा उठून मागे गेली. दाजी उकिडवे बसले आणि एका भोकाजवळ तळहात टेकवला. माशी आली. हातासमोर हवेत थांबली, बाजूनं फेरी मारली, आणि बोटांमधून आत शिरली. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी पण हात ठेवला. काही झालं नाही.

"हे ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाला, "पण स्कूटरचं काय?"

मतं घेतली. चौदा विरुद्ध दोन, दाजी आणि मी. ताईनं हात वरही केला नाही आणि खालीही ठेवला नाही. चष्मा पुसत राहिली.

घरी आल्यावर ती दाजींना म्हणाली, "अहो, झाडं कुंड्यांत काढून गच्चीवर नेऊ. कशाला सगळ्यांशी वैर?"

"झाडं नेता येतील. बिळं कशी नेणार?"

"माश्या दुसरी जागा शोधतील."

"मोठ्या शोधतील. आत जी लिंपून ठेवलीत, ती?"

"चौदा जण आहेत ते. आणि तुम्ही?"

दाजी खाली बसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. मी त्या रस्त्यावर होतो, तरी मला माहीत नव्हती.

रोलरवाल्यांचा एक नियम आहे. मशीन सुरू करण्याआधी खाली उतरायचं आणि रोलर जाईल तेवढा सगळा पट्टा पायांनी चालून बघायचा. खडीत सावलीला कुणी झोपलेलं असतं, कुठे पाइप असतो, कुठे कुत्री व्यालेली असते. वर बसून ते दिसत नाही. आधी पाय, मग चाक. दाजींनी हा नियम कधी मोडला नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी असेच चालत असताना त्यांना खडीत टिटवीची चार अंडी दिसली. खडीच्याच रंगाची. मुकादम म्हणाला, चार अंड्यांसाठी रस्ता थांबत नसतो, घाल रोलर.

"आणि मी घातला," दाजी म्हणाले. "बघितलं होतं, तरी घातला. टिटवी दोन दिवस डोक्यावर ओरडत होती. मी कानाला फडकं बांधून काम केलं." मग ताईकडे बघून म्हणाले, "तेव्हा मला नोकरी टिकवायची होती. आता माझं कोण काय काढून घेणार?"

ताईनं चष्मा ठेवला. म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मी हात वर केला असता."

सोमवारी सकाळी ट्रक आला. पेव्हर ब्लॉकचा ढीग भिंतीशी रचला गेला. मागोमाग छोटा रोलर, दोन ड्रमचा. चालवणारा चाळिशीचा माणूस. सेक्रेटरी हजर, अर्धी सोसायटी खिडक्यांत. मला वाटलं होतं दाजी आडवे पडतील, नाहीतर आरडाओरडा करतील. ते बनियनवर, पायात चप्पल, हातात चहाचा कप घेऊन आले. ताई त्यांच्या मागे.

रोलरवाल्यानं इंजिन सुरू केलं.

"बंद कर," दाजी म्हणाले. "पट्टा चाललास का?"

तो चपापला. "एवढीशी जागा आहे, काका."

"एवढीशी आहे म्हणून विचारतो. चाललास का?"

"नाही."

"कुणाच्या हाताखाली शिकलास?"

त्यानं नाव सांगितलं. दाजी म्हणाले, "त्याला मी शिकवलं. त्यानं तुला हे शिकवलं नसेल तर मी त्याच्या घरी जातो. शिकवलं असेल तर उतर."

"काका, हा वेळकाढूपणा आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"चाळीस पावलं आहेत. तुम्हाला सही करायला याहून जास्त वेळ लागतो."

रोलरवाला उतरला. ठोकलेल्या टोकापासून चालायला लागला. सहाव्या पावलाला थांबला. मग पुढचं पाऊल कुठे टाकावं हे त्याला कळेना. ऊन वर आलं होतं, माश्यांची ये-जा ऐन भरात होती. तो वाकला, मग गुडघ्यावर बसला. बराच वेळ उठला नाही.

"खाली पिलं आहेत?" त्यानं विचारलं.

"एकशे चौतीस बिळं. प्रत्येकात किती, ते मला माहीत नाही. आता तुला दिसलंय. यापुढे घालायचा की नाही, ते तुझं तू बघ. मी आडवा येणार नाही." दाजींनी चहाचा घोट घेतला. "मी एकदा घातलाय. अजून ऐकू येतं."

तो माणूस उठला, गुडघ्यांची माती झटकली, मशीनवर चढला आणि ती उलटी घेऊन फाटकाबाहेर गेला. सेक्रेटरी मागून धावला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. परत आला तेव्हा लाल झाला होता.

"काका, उद्या दुसरा आणीन."

"आणा. त्यालाही उतरवीन."

"आणि मी पण येईन," ताई म्हणाली. "मी चहा करीन. जो येईल त्याला एक कप आधी पाजीन आणि समोर उभा करीन. तो संपेपर्यंत मोजू दे त्याला."

दुसरा आला. तो उतरला, चालला आणि गेला. तिसरा फोनवरच म्हणाला, त्या मागच्या जागेचं काम नको. रोलरवाले एकमेकांशी बोलतात. सेक्रेटरीनं ठराव मागे घेतलेला नाही. दर महिन्याला सूचनाफलकावर चिठ्ठी लागते: मागील जागेचे काम लवकरच. दाजी रोज ती वाचतात, खिशातून पेन काढतात आणि खाली आजची भोकं लिहितात. काल एकशे एकाहत्तर होती.

पेव्हर ब्लॉकचा ढीग अजून भिंतीशी आहे. बसायला बरा पडतो. उंची बरोबर कमरेला आराम देणारी आहे, आणि तिथून पट्टीचे दोन्ही अर्धे भाग दिसतात.