सुपडूभाऊंचा निकाल

सुपडूभाऊंच्या टॅक्सीत गणपतीशेजारी कोर्टाचा निकाल लटकत असे, लॅमिनेशन केलेला. भाऊ सकाळी दोघांनाही नमस्कार करत आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसत. टॅक्सी त्यांचीच, पण ती चालवायची त्यांना मुभा नव्हती.

नाशकात ते आमच्या समोर राहत, मूळचे नामपूरचे. तिथे कांद्याच्या लिलावात मारामारी झाली आणि फिर्यादीने सुपडूभाऊंसकट त्यांच्या भाऊबंदांची सगळी नावे लिहून दिली. भाऊ त्या वेळी पाना घेऊन ट्रॅक्टरखाली आडवे होते. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. पण टॅक्सी चालवायला बॅज लागतो, बॅजला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, आणि पोलिसांच्या संगणकात गुन्हा अजून ताजाच होता.

एकदा दाखल्यासाठी पोलिसांच्या कचेरीत मीही सोबत गेलो. भिंतीवर काचेच्या चौकटीत नागरिकांची सनद होती. तिथे विनाविलंब मिळणारी गोष्ट एकच दिसली, तिच्यावरची धूळ.

"काका, सिस्टीममध्ये केस पेंडिंग दाखवतेय," कारकून म्हणाला.

"मग सिस्टीमला तारखेला बोलवा ना साहेब. मी तर एकबी चुकवली नाय."

भाऊंनी निकाल पुढे केला. कारकुनाने तो नखाने खरवडून पाहिला. "लॅमिनेशन चालत नाही."

"अहो, शिक्का पुसू नये म्हणून तर केलं!"

भाऊंनी नवी नक्कल आणली. ती गावाकडच्या पोलीस ठाण्यात गेली. ठाणे म्हणाले, कोर्टाकडून कळायला हवे. कोर्ट म्हणाले, केव्हाच कळवलेय. "माझ्यापेक्षा कागदच जास्त फिरतो," भाऊ म्हणत, "आणि त्याला बॅज लागत नाय."

तोवर गाडी बॅजवाल्या रमेशच्या हातात होती. त्र्यंबकच्या रस्त्यावर भाऊंचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत राही. "रमेशदादा, क्लच हाय तो, पायपुसणं नाय!"

शेवटी उत्तर आले: अर्ज जुना झाला, नव्याने करावा. त्याच आठवड्यात भाऊंनी गाडी रमेशलाच विकली.

किल्ली देण्याआधी ते आत वाकले आणि निकाल तेवढा सोडवून घेतला.

"भाऊ, गणपती राहिला," रमेश म्हणाला.

फार लागले की भाऊंच्या तोंडी गावची अहिराणी येई, 'माझा'ला 'मना' आणि 'आहे'ला 'शे' म्हणणारी.

"राहू दे. देव गाडीना शे. निकाल मना शे."