भाऊजींची धडधड

पुण्यात घडू शकणाऱ्या, पण अजून न घडलेल्या प्रत्येक अपघाताला आमचे भाऊजी आधीच हजेरी लावून आलेले असत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला बिबवेवाडी, नोकरी खडकीच्या कारखान्यात, मालाच्या तपासणीवर. तिथे त्यांच्या शंकेखोरपणाला पगार मिळे, घरी तो फुकट चाले. बाहेर पडताना गॅस बंद आहे का ते स्वतः बघायचे, मग ताईला बघायला लावायचे, आणि कोपऱ्यावरून परत येऊन ताईने नीट बघितलं का ते बघायचे. लग्नाला गेले की अक्षता घेण्याआधी कार्यालयाचं मागचं दार शोधायचे. कुणाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की यांच्या येरझाऱ्या सुरू. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, "वर गिरणी टाकलीत का?" आम्ही हसायचो. स्वभाव, म्हणायचो.

मग भाचीला हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. घरात पहिला मोबाइल आला, तो नावाला तिच्यासाठी. कंपनीची बस सुटली की भाऊजींचा फोन, युनिव्हर्सिटी चौकात फोन, औंधला फोन. एकदा मीटिंगमध्ये तिने मोबाइल बंद ठेवला, तर दुसऱ्या दिवसापासून भाऊजी स्कूटरवरून बसच्या मागे. बिबवेवाडी ते हिंजवडी, तिथून उलटे खडकीला. चौथ्या दिवशी ड्रायव्हरने बस थांबवली आणि अदबीने म्हणाला, "काका, आतच बसा की." भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्याच आठवड्यात औंधजवळ भाऊजींनी स्कूटर कडेला लावली आणि फुटपाथवर बसले. छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास पुरेना. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. नॉर्मल. महिन्याभरात असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा नॉर्मल. भाऊजींनी मशीनवरच शंका घेतली. तिसऱ्या वेळी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, हृदय उत्तम आहे. पण तुमची धडधडही खोटी नाही. हा चिंतेचा आजार आहे, आणि त्याला औषध आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा."

"मी वेडा नाही," एवढंच भाऊजी म्हणाले. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांची स्कूटर सुटली, कारखान्यात रजेचा अर्ज गेला, मग जिना उतरणंही बंद झालं. ताई त्यांना सोडून भाजी आणायलासुद्धा जाऊ शकेना. शेवटी भाचीने राजीनामा लिहिला आणि तो आधी त्यांनाच वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चल. पण मला कुणी बघता कामा नये."

भर मे महिन्यात मफलर गुंडाळून आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. समोरच्या बाकावर आणखी एक मफलर होता. अर्धा तास दोघं एकमेकांना चुकवत राहिले, मग ओळख पटली. ते कारखान्यातले भाऊजींचे साहेब. "या," साहेब म्हणाले. "तपासणीला का?" त्यांना सहा महिन्यांत चांगला फरक होता. डॉक्टरांपेक्षा भाऊजींचा त्यांच्यावर आधी विश्वास बसला.

गोळ्या सुरू झाल्या, आणि दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं. फोन करावासा वाटला की आधी दहा मिनिटं थांबायचं, मग वीस. ती वीस मिनिटं ताई समोर बसून शेंगा सोलायची आणि भाऊजी घड्याळाकडे बघत घामाघूम व्हायचे. दोनदा त्यांनी आपल्या मनाने गोळ्या सोडल्या, दोनदा सगळं पहिल्यापासून. वर्ष लागलं. राजीनामा भाचीने कधीच दिला नाही.

एका रविवारी भाऊजी आपणहून म्हणाले, खडकवासल्याला जाऊ. पाण्याच्या भीतीने त्यांनी आजवर घरातल्या कुणालाच तिथे जाऊ दिलं नव्हतं. भाची पाण्यात पाय सोडून बसली. काठावर भाऊजींचा गुडघा सारखा हलत होता, पण ते उठले नाहीत. बऱ्याच वेळाने ताईला म्हणाले, "मी एवढी वर्षं घाबरत होतो, तेव्हा तुम्ही दोघी काय करत होतात गं?"

ताईने हातातल्या भाजलेल्या कणसाचे थोडे दाणे सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवले.

"वाट बघत होतो," ती म्हणाली.