चारच्या स्पीडवर

तुमच्या लग्नाची डीव्हीडी शेवटपर्यंत चालते का हो? एकदा लावून बघा. मध्येच अडकली, तर ती माझ्या हातची नाही! आमचं आरमोरीला लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. हे कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचे आणि मी, दहावी शिकलेली बाई, कॉम्प्युटरवर डीव्हीडी बनवायची. अशा दुकानात किस्से धुळीसारखे साचतात. रोज पुसा, रोज थर!

*

सुरुवातीला हे स्वस्त डिस्क आणायचे आणि सोळाच्या, म्हणजे सगळ्यात जास्त, स्पीडवर भरायला लावायचे. पाच-सहा मिनिटांत डीव्हीडी तयार. एकदा गोंडपिपरीकडचे एक पाहुणे चिडून आले.

"भाऊ, आमची पोरगी सासरी जाऊनच नाई राह्यली! मांडवातच उभी आहे!"

डिस्क आतून बाहेर भरत जाते. माल हलका आणि स्पीड जास्त असला, की बाहेरची कड बिघडते. आणि लग्नात शेवटी असते पाठवणी!

*

तेव्हापासून मी चांगली डिस्क मागवली, स्पीड चारवर ठेवला आणि प्रत्येक डीव्हीडीची शेवटची पाच मिनिटं स्वतः बघू लागले. पास झाली की कडेला मार्करनं चारचा आकडा.

हे हसायचे, "आमच्या घरची बैलगाडी!" आणि स्वतः बसले की तीच स्वस्त डिस्क, तोच सोळाचा स्पीड.

बाजारात एका बाईनं मला थांबवलं. "बाई, माह्या पोरीच्या पाठवणीत मी एकदा रडली. तुमी म्हणे तीनदा रडल्या?"

काय करणार, तिनं तीन कॉप्या मागितल्या होत्या!

*

गडचिरोलीचे एक साहेब काउंटरवर बोटं वाजवत होते. "बाई, माझी एसटी सुटून राह्यली. स्पीड वाढवा ना!"

मी म्हटलं, "साहेब, एसटी दुसरी येईल. लग्न दुसरं करता काय?"

साहेब बाकावर टेकले.

*

वाया गेलेल्या डिस्क धानावरची पाखरं उडवायला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, टांगायची आमच्याकडे पद्धत. शेतकरी दुकानात डोकावून विचारायचे, "आज डिस्क कोण बनवून राह्यलं? बाई? मग जातो. भाऊ बसले का सांगा!"

*

आता मंजुळाबाईचं सांगते. तिचा नवरा गोविंदाभाऊ गावच्या नाटकात गायचा. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. त्याच्या शेवटच्या नाटकाची आम्हीच काढलेली डीव्हीडी तेवढी उरली होती. सुनेला वाटलं, ही पण खराबच. दोरा ओवला आणि दिली बांधीत टांगून! आठवडाभर ती उन्हावाऱ्यात फिरली.

मंजुळाबाई पदरात डिस्क बांधून आली. मागे गोविंदाभाऊ. "बाई, याचा आवाज यातच आहे. काही करा."

ह्यांचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाले, "मूळ कॅसेट तर आपण कधीच एका लग्नाच्या शूटिंगले वापरली. आता मिटलं."

मी दोरा कापला. धूळ झटकली. कडेला पुसट चारचा आकडा होता! मऊ फडक्यानं आतून बाहेर, आतून बाहेर पुसून डिस्क लावली. चित्र दोनदा अडखळलं. मंजुळाबाईनं माझा दंड घट्ट धरला. मग चित्र सरळ चालू लागलं आणि शेवटच्या प्रवेशाला गोविंदाभाऊचा खडा आवाज दुकानभर झाला. रस्त्यावरचे लोक थांबले. गोविंदाभाऊ बाकावर बसून ओठ हलवत होता. एक शब्द चुकला नाही.

मी दोन कॉप्या काढल्या. चारवरच. मंजुळाबाई म्हणाली, "सावकाश होऊ द्या, बाई. आमाले कुठी जायचं आहे!"

हे सगळा वेळ कोपऱ्यात उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी स्वस्त डिस्कचा नवाकोरा डबा उचलला, सायकलला अडकवला आणि मंजुळाबाईच्या बांधीत जाऊन सगळ्या डिस्क टांगून आले.