सही न केलेला कागद

कॅनडातल्या केंब्रिजमध्ये ओळखीतल्या कुणाच्याही घरी किचकट इंग्रजी कागद आला की तो धोंडिबा कसब्यांकडे जायचा. मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षं दारांच्या फटी तपासल्या होत्या, आणि रिटायर झाल्यावर तीच नजर लोकांच्या कागदांवर रोखली. आंबेडकर असोसिएशनमधल्या नव्या पोरांना ते दटावायचे, "सही केली की संपलं. नाही केली, तर कुणाचा बाप आला तरी काही करू शकत नाही!"

म्हणूनच त्यांच्या पत्नीच्या, सरोजिनीताईंच्या नावानं ते जाड पाकीट आलं तेव्हा गडी निर्धास्त होता. ताईंच्या खुब्यात बसवलेला धातूचा सांधा झिजून त्याचं विष रक्तात उतरलं होतं. दोन ऑपरेशनं होऊनही वॉकरशिवाय वॉशरूम गाठता येत नव्हती. सांधा बनवणाऱ्या कंपनीवर कुणीतरी खटला भरला होता आणि आता त्यात तडजोड होत होती. ताईंना तडजोड नको होती. कंपनीच्या माणसाला कोर्टात उभं करून विचारायचं होतं, "हा सांधा खराब आहे हे तुम्हाला कधी कळलं?" एवढंच. धोंडिबांनी पाकिटात सहीची जागा शोधली. ती कुठेच नव्हती, तेव्हा त्यांनी पुढं वाचलंच नाही. आपण आपली वेगळी केस करू, म्हणाले.

वर्षभरानं ती केस घेऊन ते रिचमंड हिलला ईशिता नावाच्या मराठी वकिलीणबाईंकडे गेले. तिनं सगळे कागद शांतपणे वाचले.

"काका, ही क्लास ॲक्शन आहे. ज्यांना ज्यांना हा सांधा बसवला, ते सगळे यात आपोआप येतात. बाहेर राहायचं तर गेल्या मार्चपर्यंत तसं लिहून कळवून ऑप्ट आउट करायचं होतं. आता जजनं तडजोड ॲप्रूव्ह केलीय. इट बाइंड्स काकू टू, ती काकूंनाही लागू आहे."

"पण आम्ही सही कुठे केली?"

"सही लागतच नाही, काका. आय ॲम सो सॉरी. कंपनीनं चूक कबूल केलेली नाही, आणि काकूंना आता त्यांच्यावर केस करता येणार नाही."

घरी येऊन धोंडिबांनी ताईंना सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"आपण गप्प राहिलो, तोच त्यांनी होकार धरला," ते म्हणाले.

"मी कुठे गप्प होते हो?" ताई म्हणाल्या. "‘नको’ म्हणून लिहून पाठवू का, असं मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, उत्तरसुद्धा देऊ नकोस."