मागची सीट

पुण्यात माझ्याकडे लायसन्स होतं, पण गाडी येत नव्हती. एजंटने ते घरपोच आणून दिलं होतं. आयर्लंडमध्ये नेमकं उलटं. गाडी यायला लागली आणि लायसन्स मिळेना.

टेस्टमध्ये नापास झाले तो दिवस आठवतो. परीक्षकाने कागद हातात ठेवला, मी आरसे बघत नाही म्हणून सांगितलं, आणि वर "ग्रँड, सेफ होम नाऊ", म्हणजे आता सांभाळून घरी जा, असं म्हणून तो निघून गेला. मी चाटच पडले. नापास बाईने एकटीने गाडी चालवत घरी जायचं? पण माझ्यासारखं दुसऱ्यांदा काढलेलं शिकाऊ लायसन्स असलं की तेव्हा तिथे एकट्याने चालवायला कायद्याची आडकाठी नव्हती. मग मीही ती सवलत पुरेपूर वापरली. डब्लिनच्या एका टोकाला असलेल्या ल्यूकनहून निघायचं, लेकीला सांभाळणाऱ्या बाईंकडे सोडायचं आणि शहराच्या दुसऱ्या भागातलं, सँट्रीचं ऑफिस गाठायचं. बसने गेलं तर दोन तास मोडायचे. माझ्या जुन्या लाल गाडीमुळे मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं.

दोन हजार सातच्या ऑक्टोबरात रेडिओवर ऐकलं: येत्या मंगळवारपासून शिकाऊ माणसाने शेजारी पक्कं लायसन्सवालं कुणी असल्याशिवाय गाडी काढायची नाही. माझा विश्वासच बसेना.

"चार दिवसांत? आणि ऑफिसला मी काय उडत जाऊ?" मी नवऱ्यावरच ओरडले.

"तुझी पंचाईत कळते गं," पक्क्या लायसन्सवाला नवरा म्हणाला. "पण कायदा चुकीचा नाहीये."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

देशभर बोंबाबोंब झाली आणि सरकारने माघार घेतली. उन्हाळ्यापर्यंत मुदत मिळाली. मी घरभर नाचले. तो नुसताच हसला.

त्याच मंगळवारी सकाळी लेकीचं बोट धरून गाडीशी आले, मागचं दार उघडलं. तिची लहान मुलांची सीट जागेवर नव्हती. शेजारच्या, नवऱ्याच्या गाडीत ती नीट बांधून ठेवलेली होती.

"तू जा तुझ्या गाडीने," तो हळूच म्हणाला. "हिला आजपासून मी सोडतो."

लेक उड्या मारत त्याच्या गाडीत जाऊन बसली.

मी माझ्या गाडीत बसले आणि निघण्याआधी आरसा नीट पाहिला. त्यात मागची रिकामी जागा दिसली. इतके महिने लेक तिथे बसत होती, आणि मी आरसा बघत नव्हते.