शेवंताच्या नावची मूठ

एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या साथीनं नशिराबादेत इतकी माणसं नेली, की उरलेल्यांना जिवंत असल्याची लाज वाटे. शेवंताचा नवरा दिवाळीआधी गेला. माहेर तर सबंधच संपलं. ती विशीतली, पोटी मूल नाही. दीर जीवराम तिच्याकडे पडक्या भिंतीकडे पाहावं तसा पाहायचा.

श्रावणात कानबाई देवीचा सण आला. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ सुपात टाकायची रीत. सासूनं सगळ्यांची नावं घेतली, शेवंताचं तेवढं घेतलं नाही. ज्याच्या नावची मूठ नाही, तो त्या घरचा नाही. तिला कोणी जा म्हटलं नाही. तिची पेटी मात्र ओट्यावर आणून ठेवली.

शेजारची भिकुबाई तिची मैत्रीण. दोघी एकाच लग्नसराईत गावात आलेल्या. कपाशी निंदताना दोघींच्या ओळी कायम लागून असत. भिकुबाईनं ओट्यावरची पेटी पाहिली, घरात गेली आणि आपल्या सुपात शेवंताच्या नावची मूठ टाकली.

"हे काय केलं व?" तिची सासू ओरडली. "दुसऱ्या भाऊबंदकीची बाई आपल्या रोटात? कानबाई डोळे उघडेल ना!"

"उघडू दे. तिले दिसू दे, कोण कोणाले बाहेर काढते ते."

भिकुबाईच्या नवऱ्यानं, शालिग्रामनं, ओट्यावरची पेटी उचलून गोठ्यात नेली. शेवंताला गोठ्यात जागा मिळाली, रोटाचा घासही मिळाला.

महिन्याच्या आत भिकुबाईची बोबडी पोर जमना तापानं गेली.

मग गाव बोलू लागलं. शेवंता विहिरीवर आली की बायका आपल्या घागरी उचलून घेत. घरात सासूनं पोरीचं नाव काढायला बंदी केली. कोपलेल्या देवीला आठवण नको. जळगावला कापसाच्या जिनात काम बघू, म्हणून शेवंतानं बोचकं बांधलं. भिकुबाई गोठ्याच्या दारात आडवी बसली.

"कुठी चालली?"

"माझ्या पायानं तुझी पोर गेली, भिके."

"तापानं गेली."

"गाव म्हणते..."

"गावानं तिचं ढुंगण धुतलं नव्हतं. तू धुतलं. तू गेली तर तिचं नाव मी कोणाजवळ घेऊ? बैलाजवळ?"

बोचकं सोडायचा शेवंताला धीर झाला नाही. ते भिकुबाईनंच सोडलं.

शेवंता त्या गोठ्यातच म्हातारी होत गेली. सवाष्णी तिची सावली चुकवत. भिकुबाईला पुढं मुलगे झाले. तेही हाक न मारता शेवंतापुढं ताट सरकवत. पण दिवस मावळताना दोघी गोवऱ्यांच्या ढिगामागं बसत आणि गेलेल्या जमनाला बोलण्यातच वाढवत. एका वर्षी तिचे कान टोचले. एका वर्षी तिला पहिलं लुगडं नेसवलं आणि रंगावरून चार दिवस अबोला धरला. तिथून उठताना दोघींच्या पाठी ताठ असत. दुसऱ्या दिवशीचे टोमणे झेलायला तेवढं पुरे.

मग जमनाच्या लग्नाचा विषय निघाला.

"भडगावचं स्थळ चांगलं आहे," शेवंता म्हणाली.

"इतकी दूर, गिरणेकाठी? तिले भेटाले कोण जाईल?"

"मी जाईन."

"तुले कोण घरात घेईल, रांडे?"

"जमना घेईल."

भिकुबाई हातातली गोवरी मोडत राहिली. तिचा पार भुगा झाला.

"मग देऊन टाकू भडगावले," ती म्हणाली.