चुकायचं रान

नव्या सुनेला सासरी आधी दागिने दाखवतात म्हणे. मला आधी किस्से मिळाले. चहाबरोबर एक, भाकरीबरोबर दोन! आता फोनवर सांगायला बसले की आई विचारते, "अगं, तू कधीपासून बोलायला लागलीस?"

बहुतेक किस्से विहिरीजवळच्या रानातले. आमचं सगळ्यात चांगलं काळं रान. आजेसासऱ्यांनी ते कृषी विद्यालयाच्या पोरांना शिकायला दिलेलं. अट एकच: पोरांनी विचारल्याशिवाय घरच्यांनी चूक दाखवायची नाही. गाव त्याला 'चुकायचं रान' म्हणतो.

*

एकदा मुलींनी धने न रगडता अख्खेच पेरले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, बांधावर पदर चावत उभ्या. घरी येऊन माझ्यावरच कडाडल्या, "अशी कोथिंबीर उगवती व्हय?"

"मला काय माहीत, आत्या!"

"तुला न्हाय गं, त्या पोरींना बोलतीया!"

*

सोयाबीन उगवलं ते नागमोडी. रस्त्यावरून एकानं सासऱ्यांना हाक मारली, "आबा, पेरताना बैलं पिऊन हुती का?"

आबा शांतपणे म्हणाले, "बैलं शुद्धीत हुती. प्रॅक्टिकल हाय ते!"

*

परवा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. कृषी अधिकारी झालाय. खुरपताना यानं वांग्याची रोपं उपटून गवत जपलं होतं. आत्यांनी कौतुकानं पाट मांडला.

"बस बाबा. वांगं न्हाय भाजीला. तूच उपटलंस!"

*

धाकटे चुलत सासरे, नाना, यंदा हटूनच बसले. "दादा, तिथं द्राक्षं लावू. पोरांना माळावरचं रान द्या. दगडातबी चुका करता येत्यात!"

पाणी तिथंच, त्यामुळं नानांचं काही खोटं नव्हतं. आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तुझाबी वाटा हाय. पण पोरांना तूच सांग. माझ्यानं व्हायचं न्हाय."

नाना इस्त्रीच्या कपड्यांत तरातरा गेले. मुली ज्वारी पेरत होत्या. नाना तोंड उघडणार, तेवढ्यात एकीनं विचारलं, "नाना, तिफण अशीच दाबून धरायची का?"

विचारलं! नाना चपला काढून थेट रानात. दुपारी मी डबा नेला तर, "दाबू नगं गं! हलकं, हलकं!" डब्याकडं बघायलाही सवड नाही.

संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत मातीनं भरून. आबांनी हळूच विचारलं, "सांगितलंस का पोरींना?"

"सांगितलं की."

"काय म्हणलास?"

"उद्या लवकर या म्हणलं. वळताना तिफण उचलायला जमंना त्यांना."